अर्ध्या पुस्तकाची खीर

भाषणाला कुणी बोलावलं की माणसानं आधी ताप आला म्हणून सांगावं, हे शहाणपण मला आता आलंय. तेव्हा नव्हतं. आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल दत्तोबा थेट माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "यंदा वर्धापनदिनाला 'अलीकडे वाचलेली पुस्तकं' यावर तुम्हीच बोलायचं. अख्ख्या बारामतीत तुमच्याएवढा वाचणारा माणूस नाही." यातलं दुसरं वाक्य निव्वळ लोणी होतं, हे कळत असूनही मी विरघळलो. मी पाटबंधारे खात्यातला कारकून. आमच्याकडे लोक येतात ते पाणी आलं नाही म्हणून भांडायला. कौतुक करायला कालव्याच्या ऑफिसात कोण येतंय?

मग मी ठरवलं की नाना प्रकारची पुस्तकं वाचायची आणि श्रोत्यांना गार करायचं. माझ्या, बायकोच्या आणि आमच्या मुलीच्या, पिंकीच्या कार्डावर मिळून एक रहस्यकथा, एक हिमालयाचं प्रवासवर्णन, एक पाककृतींचं पुस्तक, एक ऊसशेतीचं आणि एक कवितासंग्रह हळूहळू घरी आणायचा बेत केला. दत्तोबा म्हणाले, "पाककृतीचं कशाला?" मी म्हणालो, "विविधता." हा शब्द ऐकल्यावर ते गप्प बसले.

नेमकं त्याच सुमारास आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकला होता. आमच्या गावाहून, वरकुट्याहून, तिला बारामतीला आणताना जी भांडणं झाली त्यांवर वेगळं भाषण होईल. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "दिवाळीपर्यंत यांना गावी पाठवू नका. चुलीचा धूर नको, धूळ नको, खाली वाकणं नको. डोळा बिघडला तर पुन्हा काही करता येणार नाही." मी मान डोलावली. घरी येऊन बघतो तर आई डोळ्याला हिरवी पट्टी लावून खाटेवर बसलेली आणि पिशवी बांधून मांडीवर.

"आये, हे काय?"

"उद्याच्या सकाळच्या इंदापूर गाडीनं जाते. माजं ऐकणं बुडतंय."

ऐकणं म्हणजे वर्षावासातलं ऐकणं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वरकुट्याच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. बायका पांढरी लुगडी नेसून ऐकायला बसतात आणि ग्रंथ संपला की तांदळाची खीर होते. आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे ऐकत आली होती. तिला वाचता येत नाही, पण ऐकण्यात तिचा हात धरणारं वरकुट्यात कोणी नव्हतं. विहारातलं वाचन चुकणं हे तिच्या दृष्टीनं डोळा जाण्याहून वाईट होतं.

"मी वाचून दाखवतो की इथंच," मी म्हणालो.

"ग्रंथ कुठं हाय हितं?"

खरंच नव्हता. विहारातली प्रत वाळवीनं खाल्ली म्हणून आमच्या घरची प्रत मीच मागल्या वर्षी तिथं दिली होती. दानधर्म असा अंगाशी येतो.

"तुज्या हातात काय हाय?" आईनं पट्टीच्या खालून बघितलं.

"हे... गोष्टीचं पुस्तक आहे."

"मग त्येच वाच. तू वाचतूयास म्हंजी चांगलंच आसंल." मग ती बोट वर करून म्हणाली, "पर ज्ञानू, एक सांगून ठेवते. वर्षावासात वाचाया घ्येतलं की अर्धं सोडायचं न्हाय. संपस्तवर मी उठत न्हाय. आन संपलं की मी बसत न्हाय, गाडी धरणार."

माझ्या हातात 'सहाव्या कपाचं गूढ' नावाची रहस्यकथा होती. एका सावकाराच्या बंगल्यावर पाचजण चहाला जमतात, चहाचे कप मात्र सहा निघतात, आणि सावकार मरून पडतो. वर्षावासात वाचायला याहून अयोग्य पुस्तक शोधून सापडलं नसतं.

पण आईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं पाटावर पांढरं फडकं घातलं, त्यावर पुस्तक ठेवायला लावलं, पिंकीकडून जास्वंदीचं फूल मागवलं, मेणबत्ती लावली आणि हात जोडून बसली. बंगल्यावरच्या मुडद्यापुढं मेणबत्ती जळते आहे आणि मी गंभीर आवाजात वाचतोय, "सावकाराच्या तोंडातून फेस आला होता." आई म्हणाली, "आरं आरं आरं! आन घरातली बाई कुठं हुती?"

माझी बायको शालन स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून बघत होती. वाचन झाल्यावर तिनं मला ओट्याशी ओढलं. "अहो, जरा हळू वाचा. पुस्तक पुरवून पुरवून दिवाळीपर्यंत न्या." बायकोनं इतका थेट कामाचा सल्ला त्याआधी कधी दिल्याचं मला आठवत नाही. मी हळू वाचू लागलो. बंगल्याचं वर्णन दोनदा वाचलं. इन्स्पेक्टरनं विडी पेटवली की मी इतका थांबायचो की ती विझली असेल.

शेजारच्या द्वारकाबाईंना खिडकीतून "खून" ऐकू आला आणि त्या धावत आल्या. आल्या त्या बसल्याच. त्यांच्या मागोमाग साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आप्पासाहेब आले. आप्पासाहेबांना सगळ्या गोष्टींत मत असतं. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "दिवाणजीनं मारलंय. हिशेब ठेवणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये." द्वारकाबाईंचा संशय धाकट्या सुनेवर होता, कारण ती उशिरा उठायची. आईला मात्र संशयात रस नव्हता. तिचा सगळा जीव पुस्तकातल्या आत्याबाईंवर जडला होता. आत्याबाई म्हणजे सावकाराची विधवा बहीण. दिवसभर राबायचं, सगळ्यांचं बोलणं खायचं, सगळ्यांना चहा द्यायचा आणि स्वतः फुटक्या कपात प्यायचा.

"बिचारीला कुणी बस म्हनत न्हाय," आई म्हणायची. "ज्ञानू, पुढं तिला कुणी बस म्हनलं का रं?"

"अजून नाही, आये."

"म्हनल. म्हनल कुणीतरी."

कितीही रेंगाळलं तरी पुस्तक संपतंच. शेवटचं प्रकरण आलं त्या संध्याकाळी शालननं तांदळाची खीर केली, कारण समाप्तीला खीर पाहिजेच असं आईनं बजावलं होतं. द्वारकाबाईंनी दूध आणलं, आप्पासाहेबांनी धुतलेलं धोतर नेसलं. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं, दार लावलं आणि म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे. त्या व्यक्तीचं नाव..." मी पान उलटलं तर समोर पुठ्ठा.

पानं फाटलेली होती. सगळी शेवटची पानं.

आप्पासाहेबांनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं, हलवलं, झटकलं. पानं काही पडली नाहीत. खिरीचा वास घरभर पसरलेला. आप्पासाहेब हळूच म्हणाले, "बरं, शेवट राहू दे. खीर गरम आहे तोवर..."

"समाप्ती न्हाय तर खीर न्हाय," आई म्हणाली.

सगळ्यांचे डोळे पातेल्याकडे लागले. मग आईलाच दया आली असावी. ती म्हणाली, "वाया घालवायची न्हाय. पर खीर म्हनून खाऊ नगा. दूधभात समजून खावा." आप्पासाहेबांनी तीन वाट्या दूधभात खाल्ला.

खरं सांगायचं तर मी मनातून उड्या मारत होतो. पुस्तक अर्धं, म्हणजे आईचं जाणं रद्द. ज्या कुणी ती पानं फाडली त्याचं भलं होवो, असं मी मनात म्हणालोसुद्धा. पण माझा आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला संपला. आईनं कपबशी बाजूला सारली.

"शेवट ऐकस्तवर च्या बंद."

आई आणि चहा यांचं नातं ज्यांना माहीत नाही त्यांना याचा अर्थ कळायचा नाही. ती चहावर जगते. बशीत ओतून, फुंकर मारून, दिवसभर. दुपारपर्यंत तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी डोळा दुखतो म्हणाली. शालन माझ्याकडे बघून म्हणाली, "शोधा ती पानं."

इकडे मी दुसरी पुस्तकं वाचून तिचं मन रमवायचा प्रयत्न केला. भाषणाची तयारीही त्यातच होणार होती. हिमालयाच्या प्रवासवर्णनावर आईचा अभिप्राय असा : "येवढा लांब गेला, येवढे डोंगर बघितले, आन येकाच्याबी घरी जेवला न्हाय? मग गेला कशाला?" मी त्या पुस्तकावर 'निसर्गाचा विराट साक्षात्कार' असं टिपून ठेवलं होतं. ते खोडलं. पाककृतींच्या पुस्तकात 'मीठ चवीनुसार' आलं की ती चिडायची. "चवीनुसार म्हंजी किती? ह्या बाईला ठावं न्हाय म्हनून दुसऱ्याच्या गळ्यात मारतीया." द्वारकाबाईंची आणि तिची पुरणपोळीच्या पानावर जुंपली आणि दोघी दोन दिवस बोलत नव्हत्या. ऊसशेतीच्या पुस्तकावर आप्पासाहेब भडकले. लेखकानं लागणीचं जे अंतर सांगितलं होतं ते त्यांना पटलं नाही. ते पुस्तकाशी इतक्या जोरात भांडले की खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला.

कवितांचं पुस्तक मी भीतभीत काढलं. एक माणूस संध्याकाळी दारात बसलाय, गाईगुरं परत येताहेत, आणि त्याच्या घरात दिवा लावायला कुणी नाही, एवढीच कविता. आई पुढं सरकून बसली. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच." मी वाचली. "आणखी येकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं पट्टीच्या कडेनं डोळा पुसला. "रडू नको आये, डोळ्याला चालत नाही," मी म्हणालो. "रडत न्हाय. बाबाच्या मागं तू साळंला इंदापुरात ऱ्हायलास, तवा म्याबी आशीच बसायची," ती म्हणाली. त्या दिवशी पुढची कविता वाचली नाही.

तर पानांची शोधमोहीम. प्रथम दत्तोबा. लोणी लावणारे दत्तोबा पुस्तक बघताच वेगळेच दत्तोबा झाले. "पुस्तक जाताना पूर्ण होतं. आता अपूर्ण आहे. मधल्या काळात ते तुमच्याकडे होतं."

"म्हणजे मी पानं फाडली?"

"मी असं म्हटलेलं नाही. नियम म्हणतो."

अख्ख्या बारामतीत माझ्याएवढा वाचणारा माणूस नव्हता, आणि आता मी पानफाड्या ठरलो होतो! वर दत्तोबांनी सांगितलं की नवी प्रत भरून दिल्याशिवाय नियमानुसार मला व्यासपीठावर बोलता येणार नाही. मी बारामतीतली पुस्तकांची दुकानं पालथी घातली. पुस्तक जुनं, कुठंच नाही. तेव्हा कळलं की इंदापूरच्या एका वाचनालयात प्रत आहे.

इंदापूरला गेलो. तिथल्या कारकुनानं कपाटात पुस्तक असल्याचं लांबूनच दाखवलं. "सभासदालाच मिळेल. सभासद इंदापूरचा पाहिजे. नाहीतर इंदापूरचा जामीन आणा."

"फक्त शेवटची पानं बघू द्या. इथंच उभ्यानं वाचतो."

"शेवट वाचायला सगळेच येतात," तो म्हणाला. "आम्ही पुस्तक देतो, शेवट देत नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की रागावणं राहून गेलं. शेवटी माझा चुलतभाऊ सुमित, तिथल्या शाळेत मास्तर आहे, त्याला वर्गातून बोलावलं. तो जय भीम करून म्हणाला, "दादा, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?" रहस्यकथेसाठी जामीन पाहिजे हे ऐकल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण गुणी पोरगा, सही केली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी शेवट वाचला. वाचून सुन्न झालो. सावकाराला आत्याबाईंनी मारलं होतं. आमच्या आत्याबाईंनी! सहावा कप तिचाच. आयुष्यभर फुटक्या कपात प्यायलेली बाई त्या दिवशी चांगला कप घेऊन सगळ्यांच्या पंगतीला बसली, आणि भावाच्या कपात विष घातलं. इन्स्पेक्टर बेड्या घालून नेतो, आणि पुस्तक संपतं. तिला "बस" म्हणणारा शेवटपर्यंत कुणी आला नाही.

आता माझी गत सांगा. वाचून दाखवावं तर आई दुसऱ्या दिवशी गाडी धरणार, चुलीपुढं बसणार आणि डोळा घालवणार. शिवाय आत्याबाई खुनी, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? न वाचावं तर चहा बंद, डोकेदुखी, डोळा दुखणं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. घरी आलो, पुस्तक सदऱ्याखाली लपवलं आणि चेहरा कोरा ठेवून आत शिरलो.

आई खाटेवर बसली होती. तिनं मला आपादमस्तक बघितलं. मग म्हणाली, "शालन, च्या टाक गं. मलाबी."

मला वाटलं, सुटलो! म्हातारीचा नेम ढिला पडला. मी पुस्तक कपाटामागं सारलं. पिंकीनं ते दुसऱ्याच दिवशी शोधून वाचून काढलं, शालननंही वाचलं, आणि तिघांनी मिळून तोंडाला कुलूप लावलं. आईनं शेवटाचं नाव काढलं नाही. ती चहा पीत होती, कविता ऐकत होती, द्वारकाबाईंशी गोडी झाली होती. आश्विनी पौर्णिमा गेली. विहारातलं वाचन तिकडे संपलं असणार. तरी ती जाते म्हणाली नाही.

वर्धापनदिन आला. दत्तोबांना मी सांगितलं की प्रत मिळाली आहे, फक्त थोडी कामात आहे. त्यांनी मला बोलू दिलं. अध्यक्ष आप्पासाहेब. पहिल्या रांगेत आई, नवा जाड भिंगाचा चष्मा लावून, पांढऱ्या लुगड्यात. मी टिपणं काढली आणि लक्षात आलं की माझं असं एकही मत शिल्लक नाही. मग आईचीच सांगितली. हिमालयात जाऊन कुणाकडे न जेवलेला लेखक, चवीनुसार मीठ, तीनदा ऐकावी लागलेली कविता. लोक हसले, कवितेला गप्प झाले. भाषण रंगलं. मी 'सहाव्या कपा'शी आलो आणि म्हणालो, "याचा शेवट फार धक्कादायक आहे."

झालं! हात दाखवून अवलक्षण. आप्पासाहेब खुर्चीतून उठले. "म्हणजे तुम्हाला शेवट माहीत आहे? खीर खायला बोलावून दूधभात दिलात आणि शेवट एकट्यानं वाचलात? दिवाणजीच ना? सांगा, अध्यक्ष म्हणून विचारतोय!" सभा ओरडायला लागली, "सांगा, सांगा!" मी आईकडे बघितलं.

आई उभी राहिली. "आप्पासाहेब, खाली बसा. माजं ऐकायचं ऱ्हायलंय अजून. माज्या आदी कुणालाबी सांगायचं न्हाय."

अध्यक्ष खाली बसले. मीही बसलो. दत्तोबांनी आभार मानले.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी डोळा तपासून सांगितलं, "आता जाऊ द्या." मी आईला बारामतीच्या स्टँडवर घेऊन आलो. पिशवीत इंदापूरची प्रत घेतली होती, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "आये, पुस्तक माझ्याकडे आहे. केव्हाचं आहे."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"तू इंदापूरहनं आलास तवापस्नं. सदऱ्यात पाटी घाटल्यावानी चालत आलास. शेवट घावला म्हनून तर च्या मागितला."

"मग विचारलं का नाहीस?"

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "ऐकलं आसतं तर निघावं लागलं आसतं की रं. मीच म्हनलं हुतं न्हवं, संपलं की बसत न्हाय म्हनून."

एवढे दिवस मी समजत होतो की आईला मी अडकवून ठेवलंय. गाडी लागली. मी तिला खिडकीशी जागा धरून दिली, खाली उतरलो आणि खिडकीशी उभा राहून पुस्तक उघडलं. "गाडी सुटायला वेळ आहे. वाचू?"

"नगं. ऱ्हाऊ दे तेवढं."

"अर्धं सोडायचं नसतं ना?"

"न्हाईच सोडायचं. म्हनून परत यावं लागंल." तिनं खिडकीतून हात काढून माझ्या गालावरून फिरवला. "तू वाचून ठिवलंयस न्हवं? शालनला सांग, खिरीला म्हशीचं दूध मी आणती. त्या द्वारकाबाईचं पानी घाटलेलं आसतंय."

गाडी सुरू झाली. मी बरोबर चालू लागलो. आई एकदम खिडकीतून वाकली. वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"ज्ञानू! आत्याबाईनंच मारलं न्हवं?"

माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"बरं क्येलं!" आई एसटीच्या आवाजावर ओरडली. "पर इन्स्पेक्टरनं बेड्या घालायच्या आदी तिला बस म्हनाया पायजे हुतं. म्या आल्यावर तू तसं वाच!"

गाडी वळून गेली. इंदापूरच्या वाचनालयातून सुमितला पुस्तक परत करा म्हणून दोनदा निरोप आलाय, आणि इकडे दत्तोबा प्रतीची वाट बघताहेत. पुस्तक पांढऱ्या फडक्यावर पाटावर आहे. शेवटच्या पानाशी मी पेन्सिलनं एक ओळ घातली आहे, इन्स्पेक्टर आत्याबाईंना खुर्ची देतो आणि म्हणतो, "बसा." वाचनालय दंड करील तो करो. आई संक्रांतीला येणार आहे.